सिंहासनावरच्या स्त्रिया आणि स्त्रियांची सत्ता

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ईजिप्तमध्ये गेला, तेव्हा तेथील पुरोहितांनी त्याला ३३० राजांची नावे एका गुंडाळीतून वाचून दाखवली. त्या ३३० नावांत स्त्रीचे नाव एकच होते, नितोक्रिस. तिच्या भावाची हत्या झाली; तिने मारेकऱ्यांना एका तळघरात मेजवानीला बोलावले आणि नदीचे पाणी आत सोडून सर्वांना बुडवून मारले, अशी तिची कथा हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. आधुनिक संशोधकांनी या नावाचा शोध घेतला तेव्हा असे दिसून आले की ही स्त्री बहुधा अस्तित्वातच नव्हती. एका पुरुष राजाच्या नावाच्या चुकीच्या वाचनातून ती निर्माण झाली असावी. उलट ज्या स्त्रियांनी ईजिप्तवर खरोखर राज्य केले, त्यांपैकी एकीचेही नाव पुरोहितांनी त्या परदेशी पाहुण्यासमोर घेतले नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. उत्खनने झाली, लिपी उलगडली, आणि मेर्नेइथ, सोबेकनेफेरू, हात्शेप्सुत, नेफरतिती, ताउस्रेत, क्लिओपात्रा ही नावे पुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून जगभर पोहोचली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या नावांवरून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो तपासून घेण्याची गरज आहे. ज्या देशात स्त्रिया सिंहासनावर बसत होत्या त्या देशात स्त्रियांची सत्ता होती, असा तो निष्कर्ष. सिंहासनावर स्त्री बसणे आणि स्त्रियांच्या हाती सत्ता येणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? ईजिप्तच्या तीन हजार वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याइतकी कागदपत्रे आणि अवशेष शिल्लक आहेत. तेच येथे पाहावयाचे आहे.

पदवी नाही, नाते आहे

प्रारंभ भाषेपासूनच करावा लागतो. मराठीत ‘राणी’ म्हटले की प्रथम राजाची पत्नी डोळ्यांसमोर येते. राज्य करणारी स्त्री आणि राज्य करणाऱ्याची बायको या दोघींचे काम आपण एकाच शब्दावर भागवतो. प्राचीन ईजिप्तच्या भाषेत तर राज्य करणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र शब्दच नव्हता. राजमाता, राजपत्नी, राजकन्या, राजभगिनी या पदव्या होत्या आणि त्या मोठ्या मानाच्या होत्या; पण त्यांतील प्रत्येक पदवी राजाशी असलेले नाते सांगते. राजा हा होरस देवाचा पृथ्वीवरील अवतार, आणि होरस हा पुत्र. तेव्हा राजपदाची सारी कल्पनाच पुरुषाभोवती रचलेली होती. एखादी स्त्री त्या जागी आली तर तिला राणी होऊन भागत नसे. तिला ‘राजा’च व्हावे लागे.

मग अशा व्यवस्थेत स्त्री त्या जागी येत होती तरी कशी? पहिल्या राजवंशातील मेर्नेइथचे उदाहरण घ्या. काळ सुमारे इ.स.पू. २९५०. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९०० साली अबायडॉस येथील राजांच्या दफनभूमीत तिचे थडगे उकरले. त्याचा आकार आणि भोवतीच्या सुमारे ४० सेवकांच्या कबरी पाहून हा कोणी राजाच असणार असे त्याने धरून चालले. पुढे ते नाव स्त्रीचे असल्याचे स्पष्ट झाले. मुलगा डेन लहान असताना तिने राज्यकारभार पाहिला, असे आज मानले जाते. डेनच्या थडग्यात मिळालेल्या मुद्रेच्या ठशावर आरंभीच्या राजांच्या नावांबरोबर तिचेही नाव आहे, पण ‘राजमाता’ म्हणून. तिच्या थडग्याभोवती पुरलेल्या त्या ४० माणसांचेही येथे स्मरण ठेवले पाहिजे. परलोकात धनिणीची चाकरी करण्यासाठी त्यांना तेथे पाठवण्यात आले असावे. थडग्यातील धनी स्त्री होती म्हणून चाकरांच्या नशिबात फरक पडला नाही.

बाराव्या राजवंशाच्या अखेरीस, इ.स.पू. १८००च्या सुमारास, सोबेकनेफेरू गादीवर आली. राजाची सर्व बिरुदे धारण करणारी, निश्चित पुरावा असलेली ही पहिली स्त्री. तिच्या एका भग्न पुतळ्याचे धड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अंगावर स्त्रीचा वेश, त्यावर पुरुष राजाचे वस्त्र आणि मस्तकावरून आलेले राजचिन्हांकित शिरोवस्त्र. आपण कोण म्हणून राज्य करतो आहोत हे लोकांना सांगण्याची अडचण त्या दगडात उतरली आहे. तुरिनच्या राजसूचीनुसार तिची कारकीर्द ३ वर्षे, १० महिने आणि २४ दिवसांची. घराण्यात पुरुष वारस उरला नव्हता, म्हणून ती आली; तिच्याबरोबर घराणेही संपले.

तिसरे उदाहरण आहहोतेपचे. इ.स.पू. सोळाव्या शतकात उत्तर ईजिप्त हिक्सोस या परकीय राज्यकर्त्यांच्या ताब्यात होता आणि थीब्जचे घराणे त्यांच्याशी लढत होते. या युद्धाच्या काळात आहहोतेपने सैनिकांना एकत्र केले, पळून गेलेल्यांना परत आणले, दक्षिणेतील बंड शमवले, अशी तिची स्तुती तिचा मुलगा आहमोस याने कार्नाकच्या शिलालेखात केली आहे. १८५९ साली थीब्जजवळ याच नावाच्या राणीची शवपेटी सापडली. तीत खंजीर आणि कुऱ्हाडीबरोबर सोन्याच्या माश्यांची माळ होती. सोन्याची माशी हे रणांगणावरील पराक्रमाचे पदक. आहहोतेपने देश सावरला आणि मुलाच्या स्वाधीन केला. म्हणूनच तिची स्तुती दगडावर कोरली गेली आणि टिकली.

या तिन्ही उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. राजा बालक असला, वारस उरला नाही, अथवा युद्धाने घराणे खिळखिळे झाले, म्हणजे व्यवस्थेला स्त्रीची आठवण होई. घराणे तगवण्यासाठी तिचे कर्तृत्व वापरले जाई. संकट टळल्यावर तिने बाजूला व्हावे अशी अपेक्षा असे. जी बाजूला झाली तिचा गौरव झाला. जी झाली नाही तिची कथा निराळी आहे.

हात्शेप्सुत

ही कथा हात्शेप्सुतची. पहिल्या थुत्मोसची मुलगी, दुसऱ्या थुत्मोसची सावत्र बहीण आणि पत्नी. इ.स.पू. १४७९च्या सुमारास नवरा वारला तेव्हा गादीचा वारस तिसरा थुत्मोस हा अगदी लहान होता. तो तिच्या सवतीचा मुलगा. प्रथेप्रमाणे ती त्याच्या वतीने कारभार पाहू लागली. येथपर्यंत सारे मेर्नेइथसारखेच होते. परंतु सातव्या वर्षापर्यंत तिने स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवून घेतला होता. बालराजाला तिने दूर केले नाही. दोघांचे संयुक्त राज्य सुरू राहिले, पण त्यात प्रथम स्थान तिचे होते आणि ते इ.स.पू. १४५८च्या सुमारास तिचा मृत्यू होईपर्यंत तिचेच राहिले.

हा अधिकार तिने कोणत्या आधारावर मिळवला? देर अल्-बहारी येथील आपल्या मंदिराच्या भिंतीवर तिने स्वतःच्या जन्माची कथा कोरवून घेतली. आमेन देव पित्याच्या रूपाने मातेकडे आला आणि त्यातून आपला जन्म झाला, अशी ती कथा. याचा अर्थ असा की स्त्री म्हणून राज्य करण्याचा हक्क तिने सांगितला नाही. देवाचे अपत्य म्हणून सांगितला. पुतळ्यांवर तिने कृत्रिम दाढी धारण केली, अंग पुरुषाचे दाखवले. मात्र शिलालेखांतील नामे आणि क्रियापदे पुष्कळ ठिकाणी स्त्रीलिंगीच राहिली. १८२९ साली शांपोलियाँ, ज्याने ही लिपी प्रथम उलगडली, तो या मंदिरात गेला तेव्हा दाढीवाल्या राजाबद्दल स्त्रीलिंगी प्रत्यय वाचून तो बुचकळ्यात पडला होता.

दाढी आणि जन्मकथा यांनी राज्य चालत नसते. तिच्यामागे माणसे उभी होती. आमेनचा प्रमुख पुरोहित हापुसेनेब तिच्या बाजूचा होता. सामान्य कुळातून वर आलेला सेनेनमुत तिचा कारभारी आणि तिच्या मुलीचा, नेफेरूरेचा, शिक्षक होता. त्याचे वीसहून अधिक पुतळे आजही उपलब्ध आहेत. आमेनने तिला राज्य दिले आणि तिने आमेनला मंदिरे, स्तंभ, सोने आणि सुगंधी द्रव्ये दिली. ही देवघेव तिने सुरू केली नाही आणि तिच्याबरोबर ती संपलीही नाही. पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळी आमेनचे देवस्थान देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांत मोडत होते. गादीला पुरोहितांचा आधार आणि पुरोहितांना गादीचा. स्त्री राजा झाली म्हणून या हितसंबंधांत काही बदल झाला नाही. किंबहुना तिचा हक्क वादग्रस्त असल्यामुळे तिला या आधाराची गरज अधिकच होती.

तिच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नवव्या वर्षी तिने तांबड्या समुद्रातून पुंट या आफ्रिकेतील देशाकडे जहाजे पाठवली. मंदिराच्या भिंतीवर त्यांतील ५ जहाजे, पुंटचा राजा आणि त्याची स्थूल राणी, वानरे, हस्तिदंत, काळे लाकूड, सोने, आणि टोपल्यांत मुळांसकट ठेवलेली हिराबोळाची ३१ झाडे, हे सारे कोरलेले आहे. चित्र बारकाईने पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ईजिप्तच्या माणसांनी मणी, कडी आणि शस्त्रे मांडली आहेत, म्हणजे हा उघड व्यापार आहे. पण शिलालेखाची भाषा मात्र पुंटच्या लोकांनी खंडणी आणल्याची आहे. दोन बाजूंच्या व्यवहारातून एका बाजूचे मोठेपण कसे तयार केले जाते याचा हा जुना नमुना. तिला शांततेची देवता ठरवण्याची हौसही काही आधुनिक लेखकांना आहे. नुबियावरील तिच्या काळच्या स्वाऱ्यांचे पुरावे त्यांनी नजरेआड करू नयेत. स्त्री राज्य करते म्हणून राज्य हिंसा सोडते, असा अनुभव ईजिप्तमध्ये तरी आला नाही.

कार्नाकचा तिचा एक स्तंभ आजही उभा आहे. उंची जवळजवळ ३० मीटर, वजन सुमारे ३२० टन, सारा एकसंध ग्रॅनाइट. हे काम ७ महिन्यांत पुरे केल्याचा अभिमान तिने त्याच्या पायथ्याशी कोरून ठेवला आहे. अस्वानची खाण तेथून सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेला. त्या काळची तांब्याची किंवा काशाची हत्यारे ग्रॅनाइटवर चालत नसत. कठीण दगडाचे गोटे हातात धरून मजूर खडकावर आपटत आणि इंचाइंचाने तो झिजवत. अस्वानच्या खाणीत असाच एक अर्धवट सोडलेला प्रचंड स्तंभ आजही पडून आहे आणि त्या आघातांच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसतात. ७ महिन्यांचा तो अभिमान ज्यांच्या मनगटांनी पुरा केला त्यांची नावे कार्नाकच्या त्या लेखात नाहीत. तसे पाहिले तर कोणत्याच राजाच्या लेखात ती नसतात, आणि या बाबतीत हात्शेप्सुत सर्व राजांसारखीच राजा होती.

तिच्या मृत्यूनंतर सुमारे २० वर्षांनी, तिसऱ्या थुत्मोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, तिचे नाव पुसण्याचे काम सुरू झाले. भिंतींवरील तिच्या आकृती छिनीने काढण्यात आल्या, त्या जागी तिच्या बापाचे किंवा नवऱ्याचे नाव घालण्यात आले, कार्नाकच्या स्तंभांभोवती भिंत उभारण्यात आली. पुतळेही फोडण्यात आले. मात्र अनेक पुतळे मान, कंबर आणि गुडघे या ठिकाणी तोडलेले आहेत. जुन्या राजांच्या पुतळ्यांची ‘शक्ती’ काढून घेण्याचा तो रूढ विधी होता, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. म्हणजे त्यातील सारीच मोडतोड द्वेषातून झालेली नव्हती. परंतु भिंतींवरून नाव खोडण्याचा अर्थ त्यामुळे बदलत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक विद्वानांनी या घटनेची एक घरगुती कथा बनवली होती. कपटी सावत्र आई, दडपलेला शूर मुलगा, आणि तिच्या मृत्यूनंतर त्याने उगवलेला सूड. ज्या महत्त्वाकांक्षेबद्दल थुत्मोसला ईजिप्तचा नेपोलियन म्हणून गौरवण्यात आले, त्याच महत्त्वाकांक्षेबद्दल हात्शेप्सुतला कारस्थानी ठरवण्यात आले. पण सूड घ्यायला कोणी २० वर्षे थांबत नाही. खरे कारण राजकीय असावे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. थुत्मोसला आपल्यामागे मुलगा दुसरा आमेनहोतेप याचा वारसा निर्वेध करावयाचा होता. पुसले गेले ते मुख्यतः तिचे राजरूप. राजपत्नी म्हणून असलेली तिची जुनी चित्रे बरीचशी तशीच ठेवण्यात आली. राजाची बायको राहिली तर चालणार होते; स्त्री राजा होऊ शकते हा दाखला तेवढा राहू द्यायचा नव्हता. सुमारे दीड शतकानंतर पहिल्या सेतीने अबायडॉसच्या मंदिरात आपल्या ७६ पूर्वज राजांची नावे कोरली. तीत सोबेकनेफेरू नाही आणि हात्शेप्सुतही नाही.

आखेतातेनचे सौंदर्य

नेफरतितीचा रंगीत अर्धपुतळा १९१२ साली आमार्ना येथे जर्मन उत्खननात सापडला आणि बर्लिनला नेण्यात आला. ईजिप्त तो परत मागत आले आहे. तिचे सौंदर्य जगाला ठाऊक आहे. तिची सत्ता त्या मानाने कमी ठाऊक आहे. एका शिल्पात ती नौकेवर उभी राहून शत्रूला मारताना दाखवली आहे, आणि हे दृश्य ईजिप्तच्या कलेत राजासाठी राखून ठेवलेले असे. तिचा नवरा आखेनातेन याने जुने देव दूर सारून एका सूर्यबिंबाची उपासना सुरू केली आणि त्यासाठी वाळवंटाच्या कडेला आखेतातेन हे नवे नगर वसवले. नव्या धर्मात राजाइतकेच राणीचेही स्थान होते. समतेच्या दृष्टीने हा काळ अनेकांना विलोभनीय वाटतो.

त्या नगराच्या सामान्य लोकांची दफनभूमी २००६ पासून उकरण्यात आली. तेथील हाडांनी निराळाच इतिहास सांगितला. कुपोषणाने खुंटलेली वाढ, जड ओझी वाहून दुखावलेले मणके, आणि ऐन तारुण्यात आलेले मृत्यू. सूर्यबिंबाचे किरण ज्यांच्या मुखापर्यंत जीवनाचे चिन्ह आणतात असे दाखवले आहे, ती राजा, राणी आणि त्यांच्या मुलींची मुखे आहेत. दगड वाहणाऱ्या मुलींपर्यंत ते किरण पोहोचले नाहीत.

ताउस्रेत आणि देवपत्नी

एकोणिसाव्या राजवंशाच्या शेवटी ताउस्रेतनेही हाच मार्ग चोखाळला. आधी बालराजा सिप्ताहची पालक, त्याच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ११९०च्या सुमारास स्वतः राजा. तिच्या मागून आलेल्या सेतनाख्तेने राजांच्या खोऱ्यातील तिचे थडगेच बळकावले. भिंतीवरील तिच्या आकृतींवर गिलावा चढवून त्याने आपली नावे घातली. त्याचा राजवंश विसावा. तो येथे ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

पुढील काळात थीब्ज येथे ‘आमेनची देवपत्नी’ हे पद मोठे झाले. या स्त्रिया आपल्यामागे दत्तक मुलगी घेत आणि पद स्त्रीकडून स्त्रीकडे जाई. अफाट जमीन आणि नोकरवर्ग त्यांच्या अधिकारात असे. परंतु दत्तक कोणाला घ्यायचे ते राजा ठरवी. इ.स.पू. ६५६ मध्ये पहिल्या सामेतिकने आपली मुलगी नितोक्रिस हिला देवपत्नीच्या मांडीवर दत्तक दिले आणि दक्षिण ईजिप्त युद्धाशिवाय आपल्या पकडीत आणला. स्त्रियांचा वारसा जपणारी ही संस्थादेखील राजकारणातील एक दुवा म्हणूनच वाढली.

नाउनाख्तेचे मृत्युपत्र

आता राजवाड्याच्या बाहेर पडून एका खेड्यात जावयाचे आहे. हात्शेप्सुतचे मंदिर ज्या डोंगराच्या कुशीत आहे त्याच डोंगररांगेत देर अल्-मदिना हे खेडे होते. राजांची थडगी कोरणारे कारागीर आणि त्यांची कुटुंबे तेथे राहत. या खेड्यात इ.स.पू. ११४५च्या सुमारास, पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, नाउनाख्ते नावाची एक वृद्ध स्त्री गावच्या न्यायासनापुढे उभी राहिली. समोर १४ सभासद बसले होते. आपण फॅरोच्या देशातील स्वतंत्र स्त्री आहोत असे सांगून तिने आपले म्हणणे मांडले. तिने ८ मुले वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले. आता ती म्हातारी झाली आणि त्यांतील काही तिच्याकडे पाहत नाहीत. ज्यांनी तिला हात दिला त्यांना ती आपली मालमत्ता देईल, ज्यांनी दिला नाही त्यांना देणार नाही. अधिक काळजी घेणाऱ्या एका मुलाला तिने काशाचे एक भांडे जादा दिले. न्यायासनाने ते लिहून घेतले. दुसऱ्या वर्षी तिचा नवरा खाएमनुन आणि मुले पुन्हा तेथे आली आणि तिचा निर्णय पाळण्याचे त्यांनी कबूल केले. हे मृत्युपत्र आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे.

ही नोंद सर्व राजस्तंभांपेक्षा मोलाची आहे. ईजिप्तच्या कायद्यात स्त्री स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शके, विकू शके, वारसाने देऊ शके, साक्ष देऊ शके, फिर्याद करू शके आणि नवऱ्यापासून विभक्त होऊ शके. यासाठी तिला बाप, भाऊ किंवा मुलगा यांच्या संमतीची गरज नव्हती. हे हक्क हात्शेप्सुतने दिले नव्हते आणि ताउस्रेतनेही दिले नव्हते. ते रूढीतून आणि लोकव्यवहारातून आले होते, आणि म्हणून कोणाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नव्हते. ज्या विसाव्या राजवंशाने ताउस्रेतच्या आकृतींवर गिलावा फासला, त्याच राजवंशाच्या अमलात नाउनाख्तेचा शब्द न्यायासनाने खरा मानला. एका राजाची नावे भिंतींवरून गेली, एका कारागिराच्या बायकोचे म्हणणे कागदावर राहिले.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नवरा-बायकोच्या संयुक्त मिळकतीत तिचा वाटा एकतृतीयांश होता, त्याचा दोनतृतीयांश. लेखनिकाचे काम, म्हणजे सरकारी सत्तेचे खरे दार, जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांच्या हाती होते. शिवाय मालमत्तेचा हक्क ज्यांच्याजवळ मालमत्ता आहे त्यांनाच उपयोगी. ब्रुकलिनच्या संग्रहालयात इ.स.पू. अठराव्या शतकातील एक पपायरस आहे. त्यावर सेनेबतिसी नावाच्या एका स्त्रीकडे तिच्या नवऱ्याने सोपवलेल्या ९५ चाकरांची यादी आहे. त्यांत आशियातून आलेल्या पुष्कळ स्त्रिया असून त्यांतील बहुतेकींच्या नावापुढे विणकाम हा उद्योग लिहिला आहे. सेनेबतिसीचा हक्क म्हणजे या विणकरणींच्या श्रमावरचा हक्क. एकीचे स्वातंत्र्य दुसरीच्या मागावर विणले जात होते.

आणि नाउनाख्तेच्या खेड्याची आणखी एक हकीकत सांगितलीच पाहिजे. तिच्या मृत्युपत्रापूर्वी सुमारे १२ वर्षे, तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, कारागिरांना मिळणारे धान्य थकले. तेव्हा ते काम टाकून, चौक्या ओलांडून, बाहेर पडले आणि तिसऱ्या थुत्मोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला येथे घेऊन आली आहे. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. जगाच्या इतिहासात ज्याची लेखी नोंद आहे असा हा पहिला संप. अखेर धान्य मिळाले. मृत्युपत्र करणारी स्त्री आणि संप करणारे कारागीर एकाच वस्तीत राहत होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. आपला हक्क काय आहे हे माहीत असलेली आणि तो कोठे मागायचा हे जाणणारी ती वस्ती होती.

क्लिओपात्रा

शेवटी सर्वांत प्रसिद्ध नाव. क्लिओपात्रा ही टॉलेमींच्या ग्रीक घराण्यातील, तिने इ.स.पू. ५१ ते ३० या काळात राज्य केले. तिला अनेक भाषा येत होत्या आणि त्या घराण्यात ईजिप्तची भाषा शिकलेली ती पहिलीच, असे प्लुटार्क सांगतो. म्हणजे जवळजवळ तीन शतके या राज्यकर्त्यांना रयतेची भाषा शिकण्याची गरज भासली नव्हती. इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियनने युद्ध पुकारले ते अँटनीविरुद्ध नव्हे, एकट्या क्लिओपात्राविरुद्ध. यादवी युद्धाला परकीय स्त्रीविरुद्धच्या युद्धाचे रूप दिले की रोमन मन शांत राहत होते. तिची मोहिनी म्हणून जी प्रतिमा जगाने स्वीकारली ती विजेत्याच्या छावणीत घडली आहे.

बर्लिनच्या संग्रहालयातील इ.स.पू. ३३ सालचा एक पपायरस मात्र प्रतिमेपलीकडची क्लिओपात्रा दाखवतो. त्याद्वारे एका बड्या रोमन गृहस्थाला दरसाल १०,००० आर्ताबा, म्हणजे सुमारे ३०० टन, गहू निर्यात करण्याची आणि ५,००० कुंभ मद्य आयात करण्याची करमाफी देण्यात आली आहे. त्याच्या जमिनींवरही कर नाही. खाली ग्रीक भाषेत एकच शब्द आहे, ‘तसे होवो’. तो शब्द क्लिओपात्राच्या हातचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. गहू नाईलकाठच्या शेतकऱ्याने पिकवलेला, सवलत रोमच्या धनिकाला, आणि मंजुरी राज्य करणाऱ्या स्त्रीची.

याच काळात त्या राज्यात ग्रीक कायद्याखाली करार करणाऱ्या स्त्रीला पुरुष पालक असल्याखेरीज व्यवहार करता येत नसे. ईजिप्तच्या जुन्या कायद्यात ही अट नव्हती. ती ग्रीक राज्यकर्त्यांबरोबर आली आणि क्लिओपात्रा सिंहासनावर असतानाही राहिली. नाउनाख्तेच्या वेळी सिंहासनावर पुरुष होता आणि खेड्यातील स्त्री स्वतः उभी राहून आपले मृत्युपत्र सांगत होती. क्लिओपात्राच्या वेळी सिंहासनावर स्त्री होती आणि ग्रीक कायद्याने चालणाऱ्या तिच्या प्रजेतील स्त्रीला करारासाठी पुरुष शोधावा लागत होता.

तात्पर्य

मित्रहो, या विवेचनाचा अर्थ असा नव्हे की या स्त्रियांचे कर्तृत्व खोटे होते अथवा त्यांची नावे पुन्हा उजेडात आणण्याचे श्रम वाया गेले. छिनीने खोडलेले नाव पुन्हा वाचणे ही न्यायाचीच गोष्ट आहे. हात्शेप्सुतला कपटी सावत्र आई ठरवणाऱ्यांनी तिच्यावर जो दुसरा अन्याय केला, त्याचेही परिमार्जन झालेच पाहिजे. पुरुष राजांपेक्षा तिच्याकडून अधिक दयेची अपेक्षा करणे, हाही एक प्रकारचा पक्षपातच होईल.

प्रश्न मोजमापाचा आहे. एखाद्या समाजात स्त्रीचे स्थान काय होते हे सिंहासनाकडे पाहून मोजले तर हात्शेप्सुतच्या २१ वर्षांत ईजिप्तची स्त्री मुक्त होती आणि पुढच्या वर्षी ती परतंत्र झाली, असे म्हणावे लागेल. हे उघडच हास्यास्पद आहे. सिंहासनावरील स्त्री येते ती घराण्याच्या गरजेने, टिकते ती पुरोहित आणि सरदार यांच्या आधाराने, आणि जाते तेव्हा तिचा दाखला पुसून टाकणे ज्यांच्या हिताचे असते ते तो पुसतात. न्यायासनापुढे स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा हक्क, स्वतःच्या कमाईवरचा हक्क आणि थकलेले धान्य मागण्याचा हक्क हे मात्र एका व्यक्तीबरोबर येत नाहीत आणि एका छिनीने जात नाहीत. ते हजारो घरांत मुरलेले असतात. ते जावयाचे तर कायदाच बदलावा लागतो, आणि म्हणून कायदा कोण बदलतो आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

यापुढे कोणी सामर्थ्यवान राण्यांची यादी पुढे ठेवील तेव्हा ती आदराने वाचावी. मात्र वाचून झाल्यावर आणखी काही प्रश्न विचारावेत. तिच्या राज्यात विणकरणीच्या कापडावर हक्क कोणाचा होता, अस्वानच्या खाणीत गोटा कोणाच्या हातात होता, आणि गावच्या न्यायासनापुढे म्हाताऱ्या बाईचा शब्द चालत होता की नाही? स्त्रियांच्या सत्तेचा इतिहास या प्रश्नांच्या उत्तरांतून लिहावा लागेल, आणि ईजिप्तच्या वाळूने त्यासाठी लागणारे कागद जपून ठेवले आहेत.